बेचाळिसावा दिवस

बावीस वर्षं मी लोकांच्या बोटांना सुया टोचतेय. आणि बावीस वर्षांत असं एक घर नाही, जिथं 'बसा ना, कॉफी टाकतो' म्हटल्याशिवाय कुणी बोट पुढं केलंय. बसायला मला वेळ कुठला? कचेरीनं एका घराला आठ मिनिटं ठरवून दिलीत. गाडी लावा, हात धुवा, बोट टोचा, थेंब पट्टीवर घ्या, यंत्रातला आकडा लिहा, चालू पडा. कॉफी घ्यायची नाही. आमच्या फ्रीसलंडमध्ये, हॉलंडच्या या उत्तरेकडच्या प्रांतात, कॉफी नाकारणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार आपटणं, पण नियम करणाऱ्यांना दारं कुठं दिसतात? त्यांना नकाशावरचे रस्ते तेवढे दिसतात.

माझे सगळे पेशंट इस्पितळातून घरी आलेले. ऑपरेशन होतं, माणूस दिवसच्या दिवस अंथरुणाला खिळून राहतो, पायातलं रक्त थिजतं, त्याची गुठळी होते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली की खेळ खलास. म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या. पण या जुन्या गोळ्या म्हणजे नाकावर राग असलेल्या सासूसारख्या. जरा कमी पडल्या की गुठळी, जरा जास्त झाल्या की दाढी करताना कापलं तरी रक्त थांबत नाही. रक्त किती पातळ झालंय तो यंत्रातला आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. तो नीट असला तर मी सहा आठवड्यांनी जाते. बिघडला तर दर आठवड्याला. एवढा एक नियम लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

ओबे रिंस्मा माझ्या मंगळवारच्या यादीत होते. वय एक्याऐंशी. मी त्यांना मेनेर म्हणायची, आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसं. ते मला सिस्टर. कालव्यावरच्या पुलाचे ते जुने रखवालदार. होडी आली की पूल उचलायचा, गेली की खाली टाकायचा, आणि पुलाचे सुटे पैसे घ्यायला काठीला दोरीनं बांधलेला लाकडी बूट होडीवाल्याच्या नाकासमोर झुलवायचा. एकेचाळीस वर्षं हेच केलं. मग पुलावर कॅमेरे बसले. आता वीस किलोमीटरवर कुणीतरी खुर्चीत बसून बटण दाबतं आणि पूल आपला आपण उठतो. मेनेरना पुलाला चिकटलेलं घर तेवढं राहू दिलं. बायको, हिस्के, त्याच्याही आधी गेलेली. मुलगा न्यूझीलंडला गाई पाळतो. रविवारी संध्याकाळी फोन करतो, पण तिकडे तेव्हा सोमवारची सकाळ असते आणि गाई ओरडत असतात.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, घरी आल्यावर पायात गुठळी झाली, वर्षाच्या आत दुसरी. तेव्हा जन्मभराच्या गोळ्या लागल्या आणि मी लागले.

त्यांची बोटं कायम गार. गार बोटातून थेंब निघत नाही. मग ते बोट दोन्ही तळव्यांत धरून चोळत बसायचं, चांगलं दोन-तीन मिनिटं.

"काय हो मेनेर, तुमचं रक्त संपावर गेलंय का?"

"पुलावरचा माणूस आहे मी, सिस्टर. हिरवा दिवा लागल्याशिवाय काही सोडत नाही."

त्यात माझी आठातली तीन मिनिटं जायची. मी कुरकुरायची. पण टेबलावर दोन कप मांडलेले असायचे, एक कधीच न भरलेला, आणि बिस्किटांचा डबा. मी निघाले की ते खिडकी उघडायचे आणि तो जुना लाकडी बूट काठीनं माझ्या गाडीच्या काचेपर्यंत झुलवत आणायचे. आत एक बिस्किट, कागदात गुंडाळलेलं. "पुलाचा कर उलटा," म्हणायचे. बिस्किट खाऊ नका असं नियमात नव्हतं. मी खायची.

पहिली दोन वर्षं त्यांचा आकडा शाळामास्तरासारखा एका जागी. सहा आठवडे, सहा आठवडे, सहा आठवडे. आणि या फेब्रुवारीत एकदम घसरला. एक पूर्णांक सहा.

"गोळ्या चुकवल्यात?"

"एकही नाही." त्यांनी तक्ता पुढं केला. रोजच्या तारखेवर फुली, पट्टीनं मारल्यासारखी. ज्यानं एकेचाळीस वर्षं होड्यांची नोंद ठेवली तो गोळ्यांच्या बाबतीत खोटं बोलेल? मी मानलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली, आकडा वर आला, मी म्हटलं झालं. तर पुढच्या फेरीला पुन्हा खाली. असं मार्च, एप्रिल, मे. मी दर मंगळवारी त्यांच्या दारात.

खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं. माझं घर म्हणजे एक खुर्ची, एक ताट, सहा वाजता बटाटे, साडेसहाला भांडी. नवरा नऊ वर्षांपूर्वी सोडून गेला, भांडण न करता गेला, हेच जास्त लागलं. दिवसभर मी वीस-बावीस लोकांची बोटं धरते, आणि कुणी विचारलं की 'फेन्ना, तुझं काय?' तर मला दुसऱ्या घराला उशीर झालेला असतो. तेव्हा रिंस्मांचा आकडा बिघडला की माझं डोकं 'अरेरे' म्हणायचं आणि पाय मात्र हलके पडायचे. लाज वाटते सांगायला, पण तसंच होतं.

त्याच दिवसांत विद्यापीठाच्या मोठ्या इस्पितळाचं संशोधन चालू होतं. डॉक्टर मारेन दे वाल ते बघायची. पस्तिशीची, हुशार, बोलायला घाईची. इस्पितळातून घरी गेलेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून कुठली गोळी बरी, जुनी की नवी, हा प्रश्न. नव्या गोळीला आकडा बघावा लागत नाही. सुई नाही, तक्ता नाही, पालेभाजीचं पथ्य नाही. अर्ध्यांना जुनी, अर्ध्यांना नवी, चिठ्ठ्या टाकून. मेनेर रिंस्मा जुन्यात आले. आकडा बिघडला की का बिघडला, ते मी एका फॉर्मवर खूण करून पाठवायचं: विसरले, चुकीची मात्रा, आजारपण, दुसरं औषध, इतर, कारण कळत नाही. मेनेरच्या नावापुढं मी चार महिने 'कारण कळत नाही' हेच पाठवत होते.

डॉक्टरबाईचा फोन आला. "असा आकडा नाचणाऱ्या पेशंटला नवीनच गोळी बरी. त्यांना सांगा ना, सिस्टर. तुमचं ऐकतील."

मी सांगितलं. मेनेरनी कपातली कॉफी ढवळली, साखर नसताना.

"म्हणजे तुम्ही येणार नाही."

"गरजच उरणार नाही ना."

"पुलाचंही असंच म्हणाले होते," ते म्हणाले. "माझी गरजच उरणार नाही. नको. जुनीच बरी."

जूनमध्ये एकदा मंगळवारी मला शहरात मीटिंग होती, म्हणून मी सोमवारीच गेले. फोन केला, उचलला नाही. मागे परसात असतील. आमच्याकडे न कळवता कुणाच्या घरी जात नाहीत, सख्ख्या बहिणीकडेसुद्धा वही बघून, तारीख ठरवून जातात. तरी गेले. रस्त्यात गाडीचा पत्रा तापलेला, बाहेर लोक कालव्यात पोहत होते. आणि मेनेरच्या दारात मला वास आला तो बूरेनकोलचा.

बूरेनकोल म्हणजे कुरळ्या हिरव्या पानांची भाजी, बटाट्यात घोटून खायची. थंडीतली. दंव पडल्याशिवाय तिला चव येत नाही हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही सांगेल. जूनमध्ये बूरेनकोल शिजवणारा माणूस एकतर परदेशी, नाहीतर वेडा. रिंस्मा दोन्ही नव्हते.

ते टेबलाशी बसून खात होते. पातेलंभर. घाम निथळत होता.

"हे काय?"

"जेवण."

"या उन्हात?"

"आवडतं मला."

"मग सॉसेज कुठाय?"

त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. बूरेनकोलबरोबर धुरावलेलं सॉसेज नाही म्हणजे माणूस चवीसाठी खात नाही. मी सरळ फ्रिजचं वरचं दार उघडलं. गोठवलेल्या भाजीच्या पिशव्या, एकीवर एक, परसातल्याच. प्रत्येकीवर त्यांच्या सुबक अक्षरात वार लिहिलेला. शनिवार. रविवार. सोमवार. शनिवार. रविवार. सोमवार. आणि फ्रिजच्या दारावर मीच तीन वर्षांपूर्वी दिलेला कागद, त्यात एका ओळीखाली पेन्सिलनं रेघ: हिरवी पालेभाजी एकदम खूप खाऊ नये, आकडा खाली येतो.

माझं डोकं असं सणकलं म्हणता!

"अहो, अक्कल गहाण टाकलीय का? हा काय पोरखेळ वाटला? चार महिने डॉक्टर डोकं फोडून घेतायत, मी कागद रंगवतेय, आणि तुम्ही इथं बसून पाला चरताय! एक गुठळी सुटली ना, तर मी मंगळवारी येऊन तुमचं बोट नाही, डोळे मिटायची! हिस्के कशानं गेली ते विसरलात?"

हे बोलायला नको होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हा माझा जुना दोष.

"विसरलो नाही," ते म्हणाले. "गुडघ्याचं ऑपरेशन. नववा दिवस. तेव्हा गुठळी होऊ नये म्हणून आतासारख्या पोटात सुया देत नसत. तोंड धुवायला उठली, म्हणाली, ओबे, जरा खुर्ची दे. मी वळून खुर्ची घेतली. परत वळलो तर कुणाला देऊ?" त्यांनी काटा ताटात ठेवला. "कसं असतं ते माहीत आहे मला. फार वेळ लागत नाही."

"मग का?"

"सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, सिस्टर. तुम्ही वहीत एक आकडा लिहिता आणि जाता. मी ते दिवस बसून काढतो. दुकानात आता सामान यंत्राला दाखवायचं, त्यानं टुंग केलं की निघायचं. विसाव्या दिवसाच्या आसपास मी मोठ्यानं बोलून बघतो, आवाज फुटतो का. आधी घोगराच फुटतो. आणि तुम्ही बोट चोळता ना..." ते खिडकीकडं बघून म्हणाले, "दुसरं कुणी हात लावत नाही मला. न्हावी लावायचा, पण कापायला तरी काय राहिलंय."

ते हसले. मला हसू आलं नाही. मी खुर्ची ओढून बसले, नियम गेला खड्ड्यात, आणि तो दुसरा कप त्यांच्यापुढं सरकवला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यात कॉफी पडली.

मग आम्ही सौदा केला. बूरेनकोल बंद. मी कचेरीत काही सांगायचं नाही, कारण सांगितलं तर दुसऱ्याच दिवशी नवी गोळी. आकडा ताळ्यावर आला की कागदोपत्री सहा आठवडे. पण मी मंगळवारी माझ्या सुट्टीतल्या वेळात यायचं. सुई न घेता.

"बॅग न घेता?" त्यांनी विचारलं. "कशाला?"

"कॉफीला."

"लोक म्हणतात तसं," ते म्हणाले. "पुन्हा भेटू, एकदा ठरवू. तारीख लिहा."

मी वही काढून त्यांच्यासमोर लिहिलं. आकडा पाच आठवड्यांत सुधारला, दोन पूर्णांक चार, दोन पूर्णांक पाच. पाठोपाठ पहिला बिनसुईचा मंगळवार आला. सव्वादहा.

मी गेले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आता सांगते. मी पुलाच्या अलीकडे गाडी उभी केली. खिडकीत मेनेर दिसत होते, स्वच्छ शर्ट घातलेले. टेबलावर दोन कप. काठी खिडकीला टेकवलेली, बूट खाली लोंबत होता, त्यात बिस्किट असणार. आणि मला गाडीतून उतरवेना. बॅग नाही, यंत्र नाही. दार उघडलं की मी काय म्हणणार? कोण म्हणून आत जाणार? बॅग असली की मी सिस्टर. ती नसली की नवऱ्यानं टाकलेली, एकोणसाठ वर्षांची एक बाई, जी परक्या म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात बसायला आलीय. एवढी फटकळ मी, भल्याभल्यांना झोडपते, आणि कपभर कॉफीला घाबरले. मी गाडी वळवली.

घरी येऊन फोन केला. "काम निघालं हो अचानक."

"असू दे, सिस्टर," ते म्हणाले. "कामं असतात."

दुसऱ्या मंगळवारी पहिल्या मंगळवारची लाज आड आली. तिसऱ्या मंगळवारी दोन्हींची. चौथ्यापासून मी वहीच उघडली नाही. स्वतःला सांगत राहिले की बेचाळिसाव्या दिवशी जायचंच आहे बॅग घेऊन, तेव्हा काय ते बोलू.

बेचाळिसाव्या दिवशी दार उघडायला त्यांना फार वेळ लागला. भिंत धरून आले. डावी पोटरी उजवीच्या दुप्पट, तांबडी, चकाकणारी. घरात तोच वास.

"कधीपासून?"

"शनिवारपासून."

"शनिवार! आज मंगळवार आहे, मेनेर! फोन का नाही केलात?"

"फोन केला असता तर गाडी आली असती, घेऊन गेली असती." धाप लागत होती त्यांना. "म्हटलं, मंगळवारी तुम्ही येताच आहात. हा मंगळवार तर कागदावरचा आहे."

मी यंत्र लावलं. एक पूर्णांक तीन. या वेळी तीन दिवस नव्हे, दोन आठवडे खाल्ली होती त्यांनी भाजी, आकडा चांगलाच घसरावा आणि पुन्हा दर आठवड्याची फेरी लागावी म्हणून. मी रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत त्यांचा हात धरून बसले. मी फसवलं होतं त्यांना. दुसरा शब्द नाही त्याला.

इस्पितळात कळलं की गुठळीचा एक तुकडा फुप्फुसात गेलाय, लहान. दोन दिवस नाकाला नळी लावून पडले होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टर मारेन मला वॉर्डच्या बाहेर भेटली, हातात फॉर्म.

"जुनी गोळी नियमित घेऊनही गुठळी," ती म्हणाली. "कारण कळत नाही. आमच्या अभ्यासासाठी ही मोठी नोंद आहे, सिस्टर. तक्ता तर किती चोख ठेवलाय यांनी! आता यांना नवीनच गोळी देऊ. आणि खरं तर घरी जाऊन टोचायची ही पद्धतच..."

"थांब," मी म्हटलं. "खोटी नोंद आहे ती."

आणि सगळं सांगितलं. पिशव्या, वार, सौदा, माझं मूग गिळून बसणं, पुलाजवळून वळवलेली गाडी. ती ऐकत राहिली. घाईची बाई, पण मध्ये बोलली नाही.

"तुम्हाला जूनपासून माहीत होतं."

"होतं."

"हे मला कळवावं लागेल कचेरीत. तुमच्या नोकरीवर येईल."

"येऊ दे. पण ती नोंद आधी सुधार. गोळीनं काही घोडं मारलं नाही यात."

तिनं पेन काढलं. फॉर्मवर खालीवर बघितलं. "मग कशावर खूण करू? आजारपण नाही. विसरले नाहीत. 'इतर' करते. समोर काय लिहू? आहारातला बदल?"

"दे इकडे." मी कागद घेतला आणि 'इतर'च्या पुढं लिहिलं: कुणीतरी घरी यावं म्हणून. हस्ताक्षर वाईट आलं.

तिनं वाचलं. मग हळूच म्हणाली, "या जिल्ह्यातून 'कारण कळत नाही'वाले अकरा आलेत माझ्याकडे. त्यातले एकटे किती राहतात, हे आम्ही विचारलंच नाही."

"मग विचारा," मी म्हटलं. "मला विचारलं असतं तर गाडीतूनच सांगितलं असतं. टेबलावर किती कप आहेत ते खिडकीतून दिसतं."

कचेरीनं मला लेखी ताकीद दिली आणि माझा मंगळवारचा रस्ता दुसरीला दिला. त्या रस्त्यावर आता मेनेरचं नाव नाहीच. सकाळी एक, संध्याकाळी एक, नवी गोळी. आकडा नाही, तक्ता नाही, फेरी नाही. डॉक्टर म्हणून मारेननं योग्य तेच केलं. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं.

ते घरी आल्यानंतरच्या मंगळवारी सव्वादहाला मी पुलापाशी पोचले. मोकळ्या हातानं. पुन्हा गाडीत बसले. खिडकीत या वेळी कुणी नव्हतं. काठी नव्हती, बूट नव्हता. माझी वाट बघणं त्यांनी सोडलं होतं, आणि का सोडू नये? पाच मिनिटं बसले, दहा बसले. मग स्वतःलाच मोठ्यानं म्हटलं, "ऊठ गं बये." आवाज घोगरा निघाला. सकाळपासून मीही कुणाशी बोलले नव्हते.

दार उघडलं. त्यांनी आधी माझ्या हातांकडं पाहिलं.

"बॅग विसरलात?"

"नाही."

"मग काय घेणार माझ्याकडून? आता काही उरलं नाही मोजण्यासारखं."

"कॉफी," मी म्हटलं. "देणार असाल तर. नसाल देणार तरी बरोबरच आहे. मी त्या मंगळवारी आले होते, मेनेर. पुलापाशी. तुम्ही शर्ट घालून बसला होता. मी बघितलं आणि परत गेले."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पुलावरचा माणूस आहे मी. पांढरी गाडी. वळताना तुम्ही दिवाही दाखवला नाही."

ते बाजूला झाले. मी आत गेले. टेबलावर एकच कप होता. त्यांनी कपाटातून दुसरा काढला, फडक्यानं पुसला, कॉफी ओतली. डबा उघडून एक बिस्किट दिलं आणि सवयीनं झाकण लावलं. आम्ही समोरासमोर बसलो. बाहेर एक होडी आली, पूल आपला आपण उठला, आपला आपण बसला.

मग मेनेरनी उजवा हात टेबलावर ठेवला, तळवा वर, मधलं बोट पुढं. तीन वर्षांची सवय. त्यांच्या लक्षातही आलं नसेल. मी ते बोट दोन्ही हातांत घेतलं आणि चोळायला लागले, थेंब कुणालाच नको असताना.

ते म्हणाले, "अगं फेन्ना, तुझीच बोटं बर्फ झालीत की." तीन वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं. त्यांनी आपला हात सोडवून घेतला, माझं बोट आपल्या खरखरीत तळव्यांत धरलं आणि चोळायला लागले. अगदी मी करते तसं, मुळाकडून नखाकडे, न घाई करता. नऊ वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता. मी हे कधी मोजलंच नव्हतं. मी मान खाली घालून रडले, आणि आठ मिनिटं होऊन गेली तरी ते चोळत राहिले.